हौशाचा दाणा

माझ्या हातचं हुलग्याचं कढण पातळ असतं, अशी घरात सगळ्यांची तक्रार आहे. सून कुकरला दोन शिट्ट्या जास्त देते, निम्मे हुलगे मिक्सरमधून काढते आणि वरून तूप सोडते. तिचं कढण चमच्यावर थांबतं, माझं वाटी तोंडाला लावून प्यावं लागतं. नातू तर तोंडावर सांगतो, "आजी, तुझं पाणीदार असतं." मी हसते. वय झालं, अंदाज चुकतो, असं काहीबाही सांगून वेळ मारून नेते. खरं कारण मी या घरात कुणालाच सांगितलेलं नाही. धाकट्या बहिणीला, सुमीलाही नाही, आणि ती तर तेव्हा तिथंच होती, माझ्या शेजारी बसून जेवत होती. ते एकदा लिहून टाकायचं ठरवल्यालाही आता बरेच महिने झाले. लिहायला बसलं की पाणी प्यायला उठते, ओटा पुसून येते, दूधवाल्याची वाट बघते. आज बसलेच आहे.

आम्ही हर्सूलला राहायचो, तलावाच्या अलीकडं. दोन पत्र्याच्या खोल्या आणि पुढं छप्पर. छपरात हौशा, आमचा बैल. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो आणि आईला माय. दादांचं लहानपण पिशोरच्या डोंगरात मेंढरांमागं गेलेलं. ती मेंढरं काही राहिली नाहीत, आणि एका बैलाची गाडी घेऊन ते हर्सूलला आले. वीटभट्टीवरून विटा भरायच्या आणि शहरात जिथं घरं उठत होती तिथं नेऊन उतरवायच्या, हे त्यांचं काम. मेंढरं गेली तरी मेंढपाळाच्या घरची रीत गेली नव्हती. घरात कुणी आजारी पडलं तर दादा "पडू दे जरा" म्हणायचे आणि हौशानं एक वेळ चारा कमी खाल्ला तर स्वतः जेवायचे नाहीत. भिंतीपलीकडून त्याचं रवंथ ऐकू यायचं, मान हलवली की गळ्यातली घंटी वाजायची. लांबून जेलमधला तासाचा टोला यायचा. या दोन आवाजांवर आमचं घर चालायचं. घड्याळ पुष्कळ नंतर आलं.

थंडीच्या दिवसांत रोज संध्याकाळी हुलगे शिजायचे. हुलगा म्हणजे शहरातल्या लोकांचा कुळीथ, तांबूस, चपटा आणि शिजायला हट्टी. सकाळी भिजत घातलेले हुलगे माय दुपार कलली की चुलीवर चढवायची आणि ते तासन्‌तास रटरटत राहायचे. सगळ्या घराला एक मातकट, गोडसर वास सुटायचा. आता गंमत अशी की ते हुलगे आमच्यासाठी नसायचेच. ते हौशाचे. दिवसभर विटा ओढणाऱ्या बैलाला शिजवलेला दाणा लागतो. दाणा गाळून त्याच्या गव्हाणीत जायचा आणि जे तांबडं पाणी पातेल्यात राहायचं त्याचं आमच्यासाठी कढण व्हायचं. नव्यानं पाहुणा आला आणि त्याला नवल वाटलं की माय सांगायची, "दाणा त्याचा, पाणी आपलं. वढतो त्यो, आपुन बसून खातो."

त्या पाण्याचं कढण करणं ही मात्र मायची करामत होती. गाळायच्या आधी ती डावाच्या पाठीनं दाणे त्याच पाण्यात हलके चोळायची. दाबायची नाही. दाणा अख्खा राहायला पाहिजे आणि त्याचा गर तेवढा पाण्यात यायला पाहिजे. मग लोखंडी कढईत तेल, त्यात ठेचलेला लसूण, जिरं, सुकी मिरची, वरून ते पाणी आणि चिंचेचा कोळ. शेवटी दोन चिमटी येसूर. येसूर म्हणजे बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि मसाले वेगवेगळे भाजून जात्यावर एकत्र दळलेलं पीठ. दोन चिमटींनी ते पाणी असं काही बांधलं जायचं की वाटीत ज्वारीची भाकरी कुस्करली की पोट भरल्यासारखं वाटायचं. आज इतक्या वर्षांनी सांगते, तसा हात मला आला नाही.

जेवायची पण एक रीत होती. दादा ताटावर बसायचे, भाकरी कुस्करायचे, त्यावर कढण ओतून घ्यायचे आणि हात ताटात न घालता विचारायचे, "घातलं का त्याला?" माय म्हणायची, "घातलं." मग पहिला घास. एकदाही चुकलं नाही. मायला ताप होता त्या दिवशी तिनं अंथरुणातून सांगितलं होतं, "घातलं."

मी सातवीत असताना पिशोरला मावशीचं बाळंतपण आलं. आजीला दिसत नव्हतं, म्हणून मायला सवा महिना जावं लागलं. जाताना तिनं मला सगळं समजावलं. हुलगे किती भिजवायचे, चोळायचे कसे, येसूर कुठल्या डब्यात आहे. पदर खोचून पुन्हा एकदा दारातून मागं आली आणि म्हणाली, "चंद्रे, यसूर जपून वापर. मी आल्यावरच दळील आता." सुमी तेव्हा पाच वर्षांची. ती रडली, मी रडले नाही. मला घर हातात आल्याचा आनंद झाला होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशीचं कढण दादांनी निमूट खाल्लं. दुसऱ्या दिवशी सुमी म्हणाली, "मायसारखं नाय. हे नुस्तं पानी हाय." दादा तिला रागावले, पण त्यांनीही वाटी अर्धीच संपवली होती. मला ते फार लागलं. तिसऱ्या दिवसापासून मी येसुराच्या चिमटीची मूठ केली. कढण चांगलं होऊ लागलं आणि आठ दिवसांत डबा रिकामा झाला. शेजारच्या काकूंकडून मागून आणता आलं असतं, त्यांनी हसत दिलं असतं. पण मग हिला येसूर पुरवता आला नाही हे गल्लीभर झालं असतं, आणि मायला आल्या आल्या पहिलं तेच कळलं असतं. मी मागितलं नाही. त्या संध्याकाळी मी गाळलेल्या हुलग्यांतली एक मूठ उचलली, पाट्यावर वाटली आणि कढणात सोडली.

काय चव आली होती म्हणून सांगू! नुसत्या दाण्याला एक वेगळाच खमंगपणा असतो, तो आमच्या घरात कधी कुणी चाखलाच नव्हता. सुमीनं ताट चाटलं. दादांनी कढण पुन्हा मागून घेतलं. तोंडानं कौतुक करणारा माणूस नव्हता तो, पण त्या दिवशी म्हणाले, "मायच्या वरताण केलंस." मी चुलीकडं तोंड करून बसले होते, कारण मला हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन मुठी झाल्या. आठवड्याच्या आत निम्मा दाणा पाट्यावर जाऊ लागला, आणि पुढं पुढं तर हौशाच्या गव्हाणीत मी ओला भुसा घालायचे आणि वरून मूठभर हुलगे पसरायचे. ते वरून पसरणं मी मुद्दाम करत होते. दादांनी येता-जाता नजर टाकली तर दाणा दिसावा म्हणून. म्हणजे अजाणतेपणी झालं, पोरवय होतं, असं म्हणायची सोयसुद्धा मी स्वतःला ठेवलेली नाही.

हौशा तोंड घालायचा, वरचे दाणे दोन घासांत संपायचे, मग तो नाकानं भुसा इकडचा तिकडं करत राहायचा. त्याच्या घंटीचा आवाज बराच वेळ यायचा. आधी त्यानं गव्हाणीत तोंड घातल्यावर घंटी शांत असायची. आत आम्ही जेवायला बसलेलो असायचो. दादा भाकरी कुस्करून विचारायचे, "घातलं का त्याला?" आणि मी म्हणायचे, "घातलं." बाहेर घंटी वाजत असायची. दादांना वाटायचं, मजेत खातोय.

वीटभट्टीवर दादांनी माझ्या कढणाचं कौतुक केलं, ते मला भट्टीवरच्या बाईनं येऊन सांगितलं. त्या महिन्याइतकी मी कधी मिरवले नसेन. शाळेतही मी मैत्रिणींना सांगायचे, आमचं घर मीच चालवते. हौशाच्या बरगड्या मला दिसत नव्हत्या असं नाही. अंगावरचा केस राठ झाला होता, सकाळी उठताना तो पुढचे गुडघे टेकून थोडा थांबायचा. मला वाटायचं, थंडी आहे. मला तसंच वाटून घ्यायचं होतं.

माय यायला चार-पाच दिवस राहिले असतील. शनिवारी शाळा लवकर सुटायची. घरातलं तिखट संपलं होतं, शहरातल्या गिरणीवर मिरच्या दळून आणायच्या म्हणून मी सुमीला घेऊन दादांच्या गाडीबरोबर निघाले. गाडीत विटा, म्हणून आम्ही बाजूनं चालत होतो. रस्त्याला एक चढ आहे. आता तिथं दुभाजक झालाय, दोन्हीकडं दुकानं झालीत, रिक्षातून जाताना चढ आहे हे जाणवतसुद्धा नाही. त्या चढाच्या मध्यावर हौशा थांबला. दादांनी "चल राजा" म्हणून पाठीवर थाप मारली. त्यानं दोन पावलं टाकली आणि पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर बसला.

दादांनी आधी पुष्कळ गोंजारलं. मग चाकाला खांदा लावला. मागं ट्रकवाला भोंगा वाजवू लागला, दोन-चार माणसं जमली, कुणीतरी म्हणालं, "बैल माजलाय, दाखवा त्याला." दादांकडं चाबूक होता, पण तो हवेत वाजवायला. त्याला लाल गोंडा होता, तो आम्हीच पोळ्याला बांधलेला. त्या चाबकानं हौशाच्या अंगाला स्पर्श झालेला मी जन्मात पाहिला नव्हता. दादांनी तो उचलला आणि मारला. एकदा मारून थांबले, मला वाटलं झालं. मग पुन्हा मारला आणि मारतच राहिले. मारताना बोलत होते, ते शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत. "माजलास व्हय रे? रोज माझ्या लेकीच्या हातचा दाना खातोस, पोटभर खातोस, अन् चढ आला की बसतोस?"

सुमी माझ्या परकरात तोंड घालून रडत होती. मी दोन हातांच्या अंतरावर होते. "दादा, मी त्याला दाणा घातलाच नाही," एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं होतं, हेसुद्धा आठवतंय. आजूबाजूला माणसं होती, त्यांच्यादेखत कसं म्हणायचं, असा विचार मनात आला आणि मी तोंड मिटलं. हौशानं आवाज केला नाही. मान लांब करून तो माझ्या बाजूला बघत होता. दाणा देणारी मी, म्हणून बघत असेल, किंवा मान त्या बाजूला होती म्हणूनही असेल. मला ते ठरवता आलेलं नाही.

शेवटी विटा उतरवल्या, जू काढलं, तेव्हा तो उठला. पुढचा उजवा पाय टेकवत नव्हता. दादा त्याच्या खांद्याला खांदा लावून त्याला हर्सूलपर्यंत चालवत घेऊन आले. संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बरगड्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, याला खायला काय घालता. दादा म्हणाले, "हुलगे. रोज सांजच्याला, पोटभर." आणि साक्षीसाठी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मग डॉक्टर म्हणाले, एवढं खाऊन अंगाला लागत नाही म्हणजे आत काहीतरी दुखणं असेल, आणि पुडी देऊन गेले.

त्या दिवशी मी सगळा दाणा हौशाला घातला, एकूण एक. दादा ताटावर बसले, त्यांनी विचारलं, मी "घातलं" म्हणाले आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा ते खरं होतं. कढण पातळ झालं होतं. दादांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी भाकरी कुस्करली, कुस्करतच राहिले आणि म्हणाले, "आजारी जनावराला मारलं म्या, चंद्रे. कळलंच नाय मला." मग ताट सरकवून उठले. चाबूक त्यांनी चुलीत घातला. चामडं जळायचा वास घरभर झाला, सुमी नाक दाबून बाहेर पळाली. तेव्हा बाहेरचं कुणी नव्हतं, माणसांची अडचण नव्हती. मी म्हटलं, उद्या सांगू.

माय आली ती बाळंतपणाचे लाडू घेऊन, हसत. हौशाला बघून तिनं हातातलं गाठोडं दारातच खाली ठेवलं. दादांनी सगळी हकीकत सांगितली, आपलंच कसं चुकलं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोवऱ्या थापायला बसली. ती नसताना साठलेल्या शेणाचा ढीग एका कोपऱ्यात होता, तिनं त्यातलं वाळलेलं शेण हातात घेतलं आणि बोटांनी मोडून बघितलं. मग दुसरा पो मोडला, तिसरा मोडला. हुलगे खाणाऱ्या बैलाच्या शेणात तांबडी सालं दिसतात. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाच कसं सुचलं नव्हतं कुणास ठाऊक.

मला तिनं हाक मारली नाही. मी पाणी द्यायला गेले तेव्हा हातातल्या शेणाकडं बघतच म्हणाली, "साल नाय ह्यात. किती दिस?"

मी म्हणाले, तीन आठवडे. ती मला मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. ती गोवरी थापत राहिली. दोन-तीन गोवऱ्या झाल्यावर म्हणाली, "दादाला तू सांगशील. म्या नाय सांगणार. तुझं तूच सांग."

सांगेन म्हणाले. मायनं तिचा शब्द पाळला. पुढं तीस वर्षं ती जगली आणि तिनं दादांना कधी सांगितलं नाही, मलाही पुन्हा कधी विचारलं नाही. फक्त जेव्हा जेव्हा दादा तो विषय काढायचे तेव्हा ती माझ्याकडं बघायची, आणि मी उठून आत जायचे.

आणि दादा विषय काढायचे. हौशाचा पाय सुधारला नाही, गाडीला तो पुन्हा लागला नाही. दादा चितेगावच्या एका कंपनीत कामाला लागले, रोज सायकलवर सगळं शहर ओलांडून जायचे आणि यायचे. लोक म्हणाले, बैल विकून टाका. दादांनी विकला नाही. तो दोन वर्षं छपरात उभा होता, पोटभर हुलगे खात होता, आणि गेला तेव्हा दादांनी त्याला स्वतः खड्डा खणून पुरला. लग्नकार्यात, चार माणसांत बैलांचा विषय निघाला की दादा सांगायचे, "म्या लई पाप केलं. दुखन्यातल्या मुक्या जनावराला मारलं." समोरचे समजूत घालायचे. मग सुमी वातावरण हलकं करायला म्हणायची, "पण दादा, त्याच महिन्यात ताईनं काय कढण केलं होतं, आठवतं?" आणि दादांचा चेहरा खरंच उजळायचा. "व्हय," म्हणायचे, "तसं कढण मंग कधी झालं नाय." एका वाक्यात त्या माणसाच्या मनावरचं ओझं मी उतरवू शकले असते. निदान निम्मं तरी. ते मी केलं नाही. आधी मार बसेल म्हणून, मग सासरी कळेल म्हणून, मग इतकी वर्षं का नाही बोललीस असं विचारतील म्हणून. कारणं बदलत गेली, मी तीच राहिले.

माय गेल्यावर दादा माझ्याकडंच होते. शेवटच्या महिन्यात त्यांचं खाणं सुटलं. माणसं ओळखायचे, पण काळ इकडचा तिकडं व्हायचा. सुमी भेटायला आली आणि म्हणाली, "ताई, ते दाट कढण कर ना, ते खातील." मी नाही म्हणू शकले नाही. हुलगे भिजवले, शिजवले, निम्मे वाटले, लसणाची फोडणी दिली. तीच चव आली. वाटी घेऊन गेले तेव्हा दुपारचं ऊन त्यांच्या पांघरुणावर पडलं होतं. सुमीनं त्यांना उशीला टेकवून बसवलं. वास आल्यावर त्यांनी डोळे उघडले. मी चमचा पुढं केला, तर त्यांनी ओठ घट्ट मिटले. सुमी म्हणाली, "खा ना दादा, तुमच्या आवडीचं हाय." ते तिच्याकडं बघेचनात. माझ्याकडं बघून त्यांनी हळू विचारलं, "चंद्रे, घातलं का त्याला?"

सुमीला हसू आलं, तिचे डोळेही भरले. माझ्या हातात चमचा होता. घरात बाहेरचं कुणी नव्हतं, घाई नव्हती, आणि रागावण्याइतकं बळ त्या माणसात उरलं नव्हतं. ते ओठ मिटून वाट बघत होते.

"घातलं, दादा," मी म्हणाले.

आणि त्यांनी तोंड उघडलं.